दुसरी पदवी, आपल्याच पगारावर : पुण्यात एलएलबीचे पैसे कसे उभे केले

पुण्यातल्या एका विनाअनुदानित लॉ कॉलेजातून मी २०२५ मध्ये तीन वर्षांची एलएलबी पूर्ण केली. त्याआधीची पदवी बी.कॉम., बार्शीतून, २०१८ची. तिचा सगळा खर्च घरच्यांनी केला होता. या दुसऱ्या पदवीला घरून काहीच आलं नाही, आणि येणार नाही हे मला फॉर्म भरायच्या आधीच माहीत होतं. ज्यांच्यापुढे असंच काही वाढून ठेवलंय त्यांच्यासाठी तारखा, रकमा आणि कागदपत्रांसकट सगळं लिहून ठेवते आहे. मी शोधत होते तेव्हा मला असं एका जागी काही सापडलं नव्हतं.

जानेवारी २०२२ मध्ये मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, एलएलबी करायचंय असं सांगितलं. ते शाळेत शिक्षक, तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. ते चिडले नाहीत. म्हणाले, "शिकू नको असं मी म्हणत नाही. पण एक डिग्री मी केली तुझी. आता जे बाजूला ठेवलंय ते लग्नाचं आहे, त्याला हात लावणार नाही. शिकायचं तर तुझं तू बघ." आई काही बोलली नाही. मी तेव्हा पुण्यात शनिवार पेठेतल्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसात जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रं भरायचं काम करत होते. पगार २१,०००. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होते. अण्णांशी त्यावरून भांडायचं नाही असं मी ठरवलं. त्यांच्या पैशावर माझा हक्क आहे असं मला वाटत नव्हतं, आणि आजही वाटत नाही.

पहिला धक्का बसला तो शिष्यवृत्त्या बघताना. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्यांना शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. शैक्षणिक कर्जावरच्या व्याजासाठी केंद्राची अनुदान योजना आहे, तिथे मर्यादा साडेचार लाख. सगळीकडे उत्पन्न धरतात ते आईवडिलांचं. अण्णांची नोकरी जुनी, त्यांचा वर्षाचा पगार ८ लाखांच्या वर जात होता. मी पंचविशी ओलांडलेली, चार वर्षं स्वतःच्या पगारावर जगणारी, स्वतःचं विवरणपत्र स्वतः भरणारी. पण 'वडील कमावतात, मात्र देत नाहीत' असा रकाना कुठल्याही फॉर्ममध्ये नाही. सेतू केंद्रात चौकशी केली तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "लग्न झालेलं नसेल तर वडिलांचंच उत्पन्न लागतं." तुमच्या घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर आधी या योजनांकडेच जा, कर्जाकडे नंतर. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ लागतो, म्हणून सीईटीचा (लॉच्या प्रवेश परीक्षेचा) निकाल लागायची वाट न बघता तो आधीच हातात ठेवा. मुलींसाठी जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आणखी मोठी सोय झाली आहे: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आतल्या मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचं पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते आणि त्याच ८ लाखांच्या रेषेमुळे बाहेर राहिले. वाईट वाटलं. वर्गातल्या दोन मैत्रिणींचे अर्ज मात्र मी बसून भरून दिले.

शिष्यवृत्तीचा रस्ता बंद म्हटल्यावर मी एक कागद घेतला आणि त्यावर महिने लिहिले, जून २०२२ ते जून २०२५. प्रत्येक महिन्यासमोर त्या महिन्यात काय भरावं लागेल ते. एकूण खर्चाचा आकडा बघून माझी छाती दडपायची, रात्री झोप लागायची नाही. महिन्यांच्या कागदावर तोच खर्च वेगळा दिसला. बरेच महिने नुसत्या खाण्याराहण्याचे होते, आणि वर्षातून दोनदा मोठी रक्कम. मला पैसे नव्हे, त्या विशिष्ट आठवड्यात पैसे लागणार होते. त्यानंतर मी जे काही केलं ते सगळं या कागदावरून केलं.

दुसरी गोष्ट त्या कागदावरच कळली. कॉलेज सकाळचं मिळालं तरी मला पूर्ण वेळ नोकरी करता येणार नव्हती. बार कौन्सिलच्या (वकिली आणि तिचं शिक्षण यांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमाप्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. दूरस्थ पद्धतीने केलेली एलएलबी वकिलीसाठी चालत नाही, त्यामुळे ओपन युनिव्हर्सिटीचा स्वस्त मार्ग इथे नाही. म्हणजे पगार कमी होणार. ऑफिसातल्या सरांशी, म्हणजे त्या कर सल्लागारांशी, बोलले. मार्चअखेरची धावपळ संपल्यावर, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मुद्दाम निवांत वेळ बघून. ठरलं ते असं: कॉलेज सुरू झालं की मी दुपारी १२ ते ७ येणार, पगार १३,५००, आणि दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दिवस रात्री उशिरापर्यंत थांबणार, कारण ११ला जीएसटीआर-१ आणि २०ला थ्रीबी या जीएसटीच्या विवरणपत्रांची मुदत असते. सर म्हणाले, "परीक्षेच्या तारखा मला दोन महिने आधी सांगत जा. बाकीचं बघू." महिन्याला साडेसात हजारांची घट. अडीच वर्षांचा हिशोब केला तर सव्वादोन लाख होतात, आणि माझी तीन वर्षांची मिळून फी होती १ लाख ३२ हजार. दुसरी पदवी घेताना लोक फीचाच विचार करतात. नोकरी करणाऱ्यांना पगारातली घट फीपेक्षा महाग पडते, ती कागदावर आधी मांडा.

सीईटीचा फॉर्म मी वसंतात भरला, ८०० रुपये. परीक्षा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाली. क्लास लावला नाही. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि प्रश्न मराठीतूनही असतात, एवढं कळल्यावर भीती निम्मी झाली. कायद्याच्या प्रश्नांसाठी एक जुनं पुस्तक अप्पा बळवंत चौकातून निम्म्या किमतीत घेतलं आणि रोज वर्तमानपत्र बारकाईने वाचलं. बास.

अवघड होतं ते नंतरचं. कॅपसाठी कागदपत्रं गोळा करताना बार्शीला जावं लागलं. माझी पहिली पदवी सोलापूर विद्यापीठाची, त्यामुळे पुण्यात प्रवेशाला मायग्रेशन सर्टिफिकेट लागणार होतं, जुन्या कॉलेजचा टीसी लागणार होता आणि मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र. शिवाय अधिवास प्रमाणपत्र. मायग्रेशनला दिवस लागतात. विद्यापीठ बदलणार असाल तर तो अर्ज सीईटी झाली त्याच आठवड्यात करा. गॅपच्या प्रतिज्ञापत्रात मी कुठे नोकरीला होते हे लिहिलं आणि सोबत सरांचं अनुभवाचं पत्र जोडलं. नंतर बँकेत हेच पत्र पुन्हा कामाला आलं. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स आणि एक स्कॅन फोनमध्ये, अशी सवय तेव्हाच लागली.

पर्याय भरताना मी कॉलेजं तीन गोष्टींवर लावली: फी, वर्गांची वेळ, आणि माझ्या खोलीपासूनचं अंतर. विनाअनुदानित कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. प्राधिकरणाने मान्य केलेला आकडा आधी बघून ठेवला की प्रवेशाच्या खिडकीवर 'इतर शुल्क' म्हणून काही वेगळं सांगितलं तर विचारता येतं. अनुदानित जागांची फी फार कमी असते, पण तिथे गुणांची चढाओढ मोठी. पहिल्या फेरीत माझं नाव लागलं नाही. दुसऱ्या फेरीत जे लागलं ते माझ्या यादीतलं चौथं कॉलेज: वर्षाची फी ४४,०००, वर्ग सकाळचे, चालत जाता येईल एवढं अंतर. मी पुढच्या फेरीची वाट न बघता ते घेतलं.

दिवाळी होऊन गेली होती. यादी लागली आणि कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायला मोजके दिवस. इथे तो पेच येतो जो मला कुणीच सांगितला नव्हता. बँक म्हणते, प्रवेशाचं पत्र आणि फीची पावती आणा, मग कर्ज. कॉलेज म्हणतं, फी भरा, मग पत्र. कर्जावर सगळी भिस्त ठेवली असती तर जागा गेली असती. म्हणून पहिला हप्ता नेहमी कर्जाशिवाय उभा करायची तयारी ठेवा.

माझा पहिला हप्ता भिशीतून आला. आमच्या वाड्यातल्या आणि आजूबाजूच्या बारा बायकांची भिशी होती, महिना दोन हजार. चिठ्ठ्या टाकून नंबर निघायचा. ऑगस्टमध्येच मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की नोव्हेंबरचा नंबर मला द्या, मी शेवटपर्यंत भरेन. त्यांनी मान्य केलं. चोवीस हजार एका संध्याकाळी माझ्या हातात आले, शंभरच्या आणि पाचशेच्या नोटांत. त्या बायकांपैकी बहुतेक स्वतः दहावीच्या पुढे शिकलेल्या नव्हत्या. एका काकूंनी एवढंच विचारलं, "वकील झालीस की आमच्या वाड्याची केस बघशील ना?" मी हो म्हटलं आणि ते मी पाळणार आहे.

कॉलेजात मी प्राचार्यांच्या नावाने लेखी अर्ज दिला: फी दोन हप्त्यांत भरू द्यावी, कारण मी स्वतः कमावून शिकते आहे, कर्जाची प्रक्रिया सुरू आहे. पगाराची स्लिप जोडली. खिडकीवर तोंडी विचारलं तेव्हा "असं चालत नाही" हेच उत्तर मिळालं होतं. अर्ज आवक-जावक विभागात देऊन पोच घेतली तेव्हा दोन दिवसांत २२,००० आत्ता आणि २२,००० मार्चमध्ये असं मंजूर झालं. पात्रता शुल्क, ग्रंथालयाची अनामत आणि किरकोळ मिळून आणखी सहा हजार लागले, ते सरांकडून उचल घेतले आणि महिना हजाराने फेडले. माझ्याकडे आवर्ती ठेवीचे तीस हजार होते, त्यांना मी हात लावला नाही. एकटीने राहणाऱ्या माणसाचं अचानक दुखणंखुपणं निघालं तर तेवढंच हाताशी असतं.

वर्ग डिसेंबरमध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये मी विद्यालक्ष्मी पोर्टलवर कर्जाचा अर्ज केला. हे केंद्राचं पोर्टल, एकाच अर्जावर तीन बँका निवडता येत होत्या. अर्ज सोपा आहे, पण तिथेही वडिलांचं नाव, व्यवसाय, उत्पन्न. मी खरं तेच भरलं.

पहिल्या शाखेतल्या अधिकाऱ्यांनी अर्ज बघून विचारलं, "वडील शिक्षक आहेत ना? मग अडचण काय? त्यांना सही करायला सांगा." मी म्हटलं, ते सही करणार नाहीत. "मग कर्ज होणार नाही." त्यांनी फाईल परत माझ्याकडे सरकवली. रस्त्यावर आल्यावर मला रडू फुटलं. राग अण्णांचा नव्हता. आपलं वय, आपली नोकरी, आपण वेळेवर भरलेला कर, यातलं काहीच मोजलं जात नाही याचा होता.

त्यानंतर मी बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेची माहिती नीट वाचून काढली. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. सहकर्जदार मात्र लागतो, आणि पालक हा नेहमीचा सहकर्जदार. पगार जमा होतो त्या शाखेत गेले. तिथल्या बाई वयाने मोठ्या होत्या. त्यांनी माझं तीन वर्षांचं खातं उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "तू दर महिन्याला शिल्लक टाकतेस, हे दिसतंय. पण एकटीच्या नावावर मी पुढे पाठवू शकत नाही. वडील नाहीत तर जवळच्या नात्यातलं कमावतं माणूस आण, मी वरिष्ठांकडे शिफारस करते." हे शाखेवर आणि बँकेवर अवलंबून असतं. एका जागी नाही म्हटलं म्हणजे सगळीकडे नाही, असं नसतं. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. लेखी मागितलं की बोलणं बदलतं, असा माझा अनुभव.

माझी मावशी पिंपरीत रुग्णालयात नर्स आहे. तिला विचारायला मला फार जड गेलं. सहकर्जदार म्हणजे नुसता साक्षीदार नाही. मी हप्ता चुकवला तर बँक तिच्याकडे येणार, तिचा सिबिल (कर्जफेडीच्या सवयीचा गुणांक) खराब होणार. हे सगळं मी तिला स्वयंपाकघरात बसून समजावून सांगितलं, महिन्यांचा कागद दाखवला, आणि 'मला काही झालं तर' यासाठी माझ्या विम्यात तिचं नाव घालते असं सांगितलं. तिने कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "ताईला सांगायचं का?" मी म्हटलं, सांग, लपवायचं काही नाही. तिने सांगितलं. आईचा फोन आला नाही, पण मावशीला तिने "सही कर" म्हटलं, एवढं मला नंतर कळलं.

कागद लागले ते असे: मावशीच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, आधार, पॅन, नात्याचं प्रतिज्ञापत्र. माझे सगळे गुणपत्रक, प्रवेशाचं पत्र, तिन्ही वर्षांच्या फीचं कॉलेजच्या शिक्क्याचं पत्रक, पगाराच्या स्लिपा, गॅपचं प्रतिज्ञापत्र. फीचं पत्रक तिन्ही वर्षांचं एकदमच घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा मंजुरीचा घोळ होत नाही. प्रोसेसिंग फी नव्हती. स्टॅम्पचा खर्च होता. एक विमा पॉलिसीही पुढे केली गेली. ती सक्तीची आहे का असं मी विचारलं, तर नाही म्हणाले. मी माझा स्वतःचा साधा मुदतीचा विमा काढला, तो स्वस्त पडला.

मंजुरी एप्रिलच्या मध्यावर आली, १ लाख १० हजार. पहिल्या वर्षाचा दुसरा हप्ता आणि पुढची दोन वर्षं. मार्चची मुदत गेली होती, पण मी फेब्रुवारीतच कॉलेजला दुसरा अर्ज देऊन बँकेचं 'अर्ज विचाराधीन आहे' असं पत्र जोडलं होतं, म्हणून परीक्षेचा फॉर्म अडला नाही. रक्कम थेट कॉलेजच्या खात्यावर जाते, आपल्या हातात येत नाही. शिकत असताना व्याज भरत राहिलं तर बऱ्याच बँका व्याजदरात एक टक्का सवलत देतात. ते विचारून घ्या. मी पहिल्या महिन्यापासून व्याज भरलं. पहिल्या वर्षी ते महिना दोनशेच्या आत होतं, शेवटच्या वर्षी नऊशेच्या वर. एवढ्याने मुद्दल वाढलं नाही. आयकरात (१९६१च्या कायद्यात कलम ८०ई) या व्याजाची वजावट मिळते, फक्त जुन्या करप्रणालीत, आणि ती कर्जदाराला. मावशीने भाचीसाठी भरलेल्या व्याजावर तिला ती मिळाली नसती, म्हणून खातं माझंच ठेवलं.

रोजचं जगणं कसं चाललं ते थोडक्यात सांगते, कारण हेच सगळे विचारतात. कॉट ४,०००, मेस ३,०००, पहिलं वर्षभर भिशीचे २,०००, उचलीचे १,०००, फोन, साबण, झेरॉक्स, चहा. उरायचं ते परीक्षेच्या फॉर्मसाठी वेगळ्या खात्यात. पहिलं वर्ष खरंच तंगीचं गेलं. रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची, त्या दिवशी केळी आणि शेंगदाणे. भिशी संपली त्या महिन्यापासून श्वास मोकळा झाला. सकाळी कॉलेज, दुपारी ऑफिस, रात्री नऊनंतर अभ्यासिका. थकवा यायचा. २० तारखेच्या आसपास वर्गात डोळे मिटायचे.

पुस्तकांवर खर्च कमी करता येतो. सगळे केंद्रीय कायदे इंडिया कोडच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्याच संकेतस्थळावर २०२३ पासून फुकट मिळतात. बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर असलेलं पुस्तक) मात्र हातात लागतो, पेन्सिलने खुणा करायला. तो वरच्या वर्गातल्यांकडून घ्यायचा. यात एक फटका बसला तो आमच्या सगळ्या बॅचला. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. जुन्या दंडसंहितेची, फौजदारी प्रक्रियेची, पुराव्याच्या कायद्याची घेऊन ठेवलेली पुस्तकं अर्धी निकामी. शेवटच्या वर्षात नवीन पुस्तकांना अडीच हजार गेले, ते माझ्या महिन्यांच्या कागदावर कुठेच नव्हते. आम्ही चौघींनी मिळून एकेक संच घेतला आणि आळीपाळीने वापरला. दर सहामाहीला हजार-दीड हजार 'अनपेक्षित' म्हणून धरून ठेवा.

सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाचं परिपत्रक आलं. विद्यार्थ्याने शिकत असताना दुसरी नियमित पदवी केली नाही, नोकरी केली असेल तर ना हरकत पत्र घेतलं होतं, हजेरी पूर्ण आहे, असं प्रतिज्ञापूर्वक सांगायचं. नोकरी करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला. यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे म्हणून एक जण एम.कॉम.ही करत होता, त्याची तर झोपच उडाली, कारण कायद्याच्या पदवीला ती मोकळीक नाही. मी सरांकडून लेटरहेडवर ना हरकत पत्र घेतलं, त्यात कामाची वेळ दुपारी १२ ते ७ आहे आणि ती वर्गांच्या वेळेच्या आड येत नाही असं स्पष्ट लिहून घेतलं, आणि कॉलेजकडून हजेरीचं पत्र मागून ठेवलं. आता प्रवेश घेत असाल तर हे पहिल्या दिवशीच करा. नोकरी लपवू नका. मी सुरुवातीपासून सगळीकडे लिहून दिलं होतं म्हणून मला शेवटी काही निस्तरावं लागलं नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार दोन्हीशिवाय कर्ज. माझं कॉलेज त्या यादीत नव्हतं. तुमचं असेल तर मावशी शोधायची वेळच येणार नाही. पर्याय भरण्याआधी यादी तपासा. ज्यांना बाहेर नोकरी नाही त्यांनी विद्यापीठाच्या आणि कॉलेजच्या 'कमवा व शिका' योजनेची चौकशी करावी. माझ्या खोलीतली जळगावची मुलगी ग्रंथालयात तासावर काम करून मेसचा खर्च भागवायची.

निकाल ऑगस्ट २०२५ मध्ये लागला. प्रथम श्रेणी नाही, पण सगळे विषय सुटले, एकही मागे न राहता. त्या दिवशी मी मावशीकडे जेवायला गेले.

सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, दहावीस हजार बाजूला काढावे लागतील असं मी सुरुवातीच्या कागदावर धरलं होतं, कारण तेव्हा काही राज्यांत नावनोंदणीला वीस ते बेचाळीस हजारांपर्यंत घेत होते. ३० जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकील कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. स्टॅम्प ड्युटी वेगळी. सप्टेंबर २०२५ मध्ये मी नोंदणी केली. बार कौन्सिलच्या परीक्षेचे ३,५०० भरले, ती ३० नोव्हेंबरला दिली आणि पास झाले. काळा कोट लक्ष्मी रोडवरून घेतला, तेवढा एक खर्च मी हात आखडता न घेता केला.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. सनद हातात आली की पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम ४९. म्हणजे कर्जाचे हप्ते तोंडावर आणि पगार बंद. शिवाजीनगर कोर्टात ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून मिळतं ते सुरुवातीला बेताचंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने शहरांत ज्युनिअरला किमान २०,००० द्यावेत अशी शिफारस केली आहे, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून शेवटच्या सहामाहीतच मी सरांशी बोलले. आता मी त्यांची कर्मचारी नाही. जीएसटीच्या नोटिसांना उत्तरं देण्याचं काम ते मला वकील म्हणून देतात आणि प्रत्येक कामाची फी वेगळी मिळते. सकाळी कोर्ट, दुपारनंतर हे.

अण्णांचं मत बदललेलं नाही. बोलणं मात्र तुटलेलं नाही, सुट्टीत मी घरी जाते.

कर्जाचा पहिला हप्ता जून २०२६ मध्ये सुरू होईल, पाच वर्षं, महिना साधारण २,३००. आवर्ती ठेवीचे ते तीस हजार अजून तसेच आहेत, त्यातून पहिल्या वर्षाचे हप्ते निघतील एवढी सोय आहे. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जाणार, म्हणून पक्षकारांकडून आणि सरांकडून महिनाअखेरीला फी मागायची सवय मी आत्तापासून लावून घेते आहे. मावशीच्या फोनवर हप्ता गेल्याचा संदेश यावा, असं बँकेत सांगून ठेवलंय.